जुन्या फोटोतली विचित्र गाडी ओळखू येईना, किंवा दर वेळी नवंच नाव निघतं: काय तपासायचं

अडचण ठरलेली असते. माळ्यावरची पेटी उघडली जाते, आजोबांचा अल्बम निघतो आणि अल्बमात एक गाडी. लांबच लांब, मागे पंख, डोक्यावर काचेचा घुमट. मोबाइलवर शोधलं की एक नाव येतं, पुतण्याने शोधलं की दुसरं, आणि ग्रुपवर टाकलं की कुणीतरी छातीठोकपणे तिसरंच सांगतं. काही महिन्यांनी तोच फोटो फिरत फिरत परत येतो, या वेळी ‘हिटलरची गुप्त गाडी’ म्हणून. भुसावळ-जळगावकडून मला येणारे निरोप एकाच साच्यातले असतात: ‘भो, ही कोणती गाडी आहे, सांग ना.’ धुळे-साक्रीकडचा माणूस असेल तर ‘भाऊ, हाई कोनती गाडी शे?’ सोबतच्या फोटोच्या चारही कडा कुणीतरी आधीच कापून टाकलेल्या असतात.

खरा घोटाळा त्या कापलेल्या कडांपासून सुरू होतो. आपण गाडीकडे बघत बसतो, फोटोकडे बघतच नाही. अँबॅसेडर किंवा पद्मिनी ओळखायला गाडी पुरते, कारण तशा लाखो होत्या, त्यांचे कॅटलॉग होते, मिस्त्री होते, सुटे भाग होते. कॉन्सेप्ट गाडीचं तसं नसतं. कंपनीने किंवा डिझायनरने प्रदर्शनात मांडायला एखादाच नमुना बनवायचा, लोकांनी तोंडात बोटं घालायची, मग ती गाडी गोदामात, संग्रहालयात नाही तर थेट भंगारात. तिचा कॅटलॉग छापला जात नाही. त्यामुळे फोटो कुठला, कुणी काढला, कशावर छापला, हे कळलं की नाव हाती लागतं. उलट्या क्रमाने गेलात तर चुकता.

आधी कागद बघा

फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्लास्टिकच्या पानांचे अल्बम असे कित्येक उन्हाळे काढतात, आणि मग फोटो ओढला की वरचा थरच निघून येतो. पान आहे तसं खिडकीजवळ न्या, फ्लॅश बंद ठेवा, पूर्ण पानाचा फोटो घ्या. मग भिंग.

भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, छापील कात्रण आहे. निम्मं कोडं इथेच सुटतं. आजोबांनी ती गाडी रस्त्यावर पाहिलेली नाही, मासिकात पाहिली आणि आवडली म्हणून कापून ठेवली. ‘आमच्या आजोबांकडे ही गाडी होती’ ही घरातली कथा मग बाजूला ठेवावी लागते. वाईट वाटतं लोकांना, पण इलाज नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलन्यांमध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायची, त्यांच्या घरची इंग्रजी मासिकं रद्दीतून गावभर जायची. १९६० पासून अमेरिकी दूतावासाचं ‘स्पॅन’ होतं. सोव्हिएत मासिकांचा गुळगुळीत रंगीत कागद तर एका अख्ख्या पिढीच्या वह्या-पुस्तकांची कव्हरं होऊन गेला.

सोव्हिएत कागद असेल तर अमेरिकी गाड्यांत शोधत बसू नका. एक उदाहरण देतो. नाकाच्या मधोमध एकच मोठा दिवा असलेली लांबलचक गाडी दिसली की लोक ती अमेरिकी समजतात. १९५१ सालची ‘झिस-११२’ अशीच होती आणि ती मॉस्कोची. १९६४ मध्ये तिथल्याच व्हनीते या डिझाइन संस्थेने सरकत्या दाराची एक ठेंगणी, डबड्यासारखी टॅक्सी बनवली होती. तिचा फोटो पाहून आजही कुणी जपानी म्हणतं, कुणी फ्रेंच.

कात्रण असेल तर उलटा. मागच्या बाजूची जाहिरात गाडीपेक्षा जास्त बोलते. किंमत आण्यांत असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘नये पैसे’ लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. खरा फोटो असेल तर मागे स्टुडिओचा शिक्का बघा. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल तर साधारण १९६० च्या आधीचा, कारण त्यानंतर जिल्ह्यांची नावं जळगाव आणि धुळे अशी झाली. मात्र रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरायची आपली सवय धरून दोन-चार वर्षं इकडे-तिकडे करा. सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. इथे मागेपुढे होण्याचा प्रश्न नाही, कारण पिन कोड त्याआधी नव्हताच.

ठिपके नाहीत, कागद चौकोनी, कडेला पांढरी पट्टी, तर तो घरच्या कॅमेऱ्याचा फोटो असू शकतो. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री असेच चौकोनी फोटो काढायचा. इथे माणूस खरोखर गाडीसमोर उभा होता हे धरून चाला. फक्त गाडी खरी होती का, ते बघा. सारंगखेड्यासारख्या यात्रांमध्ये फोटोवाल्यांच्या तंबूत प्लायवुडवर रंगवलेल्या मोटारी असायच्या; मागे उभं राहायचं, कोपर कडेवर टेकवायचा, एक आठवण पदरात पाडून घ्यायची. रंगवणाऱ्या पेंटरने कुठल्या तरी अमेरिकी मासिकात पाहिलेले पंख त्यात ठोकून दिलेले असत. अशी गाडी जगातल्या कुठल्याही यादीत सापडणार नाही. खूण सोपी: चाकांखाली सावली नसते, दोन्ही चाकांची लंबवर्तुळं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माणसाचे पाय गाडीच्या खालून दिसतात.

ती कॉन्सेप्ट असतेच असं नाही

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त भरणा याचाच. गाडी विचित्र दिसते म्हणून ती प्रदर्शनाची असं आपण धरतो, पण ती बाजारात सर्रास विकली गेलेली असते, फक्त आपल्या भागात कुणी पाहिलेली नसते. नाकावर विमानाच्या पंख्यासारखा गोळा असलेली गाडी: १९५०-५१ ची स्टुडबेकर. पाठीवर माशासारखा पर आणि मागे इंजिन: चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा ८७. पुढचं तोंड वितळून खाली ओघळल्यासारखं: १९३४ ची क्रायस्लर एअरफ्लो. पूर्ण पुढचा भागच दार म्हणून उघडतो: इसेटा. आणि मागची चाकं अर्धी झाकलेली, नाक चपटं, अंग जमिनीला टेकलेलं अशी कुठलीही गाडी दिसली की आधी १९५५ ची सित्रोएन डीएस आहे का ते बघा. ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिथल्या लोकांनाही ती भविष्यातली वाटली होती, आपण तर काय.

कापसाच्या पैशाचा जोर होता त्या दिवसांत, म्हणजे अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल भरात होत्या तेव्हा, श्रीमंतांच्या दारात परदेशी गाडी उभी राहणं अशक्य नव्हतं. पण ती दुकानातून घेतलेली गाडी असणार. प्रदर्शनातला एकुलता नमुना कुणी मुंबई बंदरात उतरवून आग्रा रोडने धुळ्याला आणला, असं म्हणणाऱ्याने त्याचे कागद दाखवावेत.

दुसरा गट हौशी लोकांच्या एकेकट्या गाड्यांचा. कलकत्त्यातल्या एका इंग्रज इंजिनिअरने १९१० मध्ये इंग्लंडच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली होती. तिचा फोटो दर वर्षी कुठल्या ना कुठल्या महाराजाच्या नावाने फिरतो. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली, म्हणजे फिरवणारे अर्धे खरे. आता ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. आपल्याकडची म्हणाल तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ ही छोटी गाडी. ती बाजारात कधी आली नाही, तरी प्रदर्शनापुरता केलेला देखावाही नव्हती. लोकांना परवडावी म्हणून केलेला प्रामाणिक नमुना होता. तीन चाकांची, फायबरची, कोनाकोनांची पिवळी-केशरी गाडी दिसली तर ती बंगळूरची ‘बादल’ असण्याची शक्यता मोठी, आणि ती तर विकलीही गेली आहे.

एकाच गाडीची तीन नावं का निघतात

आता खऱ्या कॉन्सेप्ट गाड्यांकडे. इथे शोधयंत्र गोंधळतं त्याचं कारण यंत्रात कमी आणि गाड्यांच्या नशिबात जास्त आहे. एकुलता नमुना बनवायला अफाट पैसा लागतो. मग पुढच्या वर्षी नवीन बनवण्याऐवजी जुन्यालाच रंग देऊन, तोंड बदलून, नवं नाव ठेवून पुन्हा मांडायचं. शेवरोलेची १९६५ ची ‘माको शार्क टू’ १९६९ मध्ये ‘मँटा रे’ झाली. इटलीतल्या पिनिनफारिना या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीची ‘मोडुलो’ १९७० मध्ये जिनिव्हाला आली तेव्हा काळी होती, नंतर पांढरी झाली. बहुतेक फोटो पांढरीचे, म्हणून काळीचा फोटो मिळाला की लोक वेगळी गाडी समजतात. आणि १९५५ ची लिंकन फ्युचुरा. इटलीत घिया या गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनली, मोतिया पांढरी, डोक्यावर काचेचे दोन घुमट. एका चित्रपटासाठी लाल झाली. शेवटी हॉलिवूडसाठी गाड्या सजवणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या हाती गेली आणि १९६६ च्या टीव्ही मालिकेतली काळी बॅटमोबाइल बनली. म्हणजे पांढऱ्या, लाल आणि काळ्या अशा तीन फोटोंना लोक तीन गाड्या म्हणतात, आणि त्या तिघींचा सांगाडा एकच.

म्हणून नाव विचारताना सालही विचारा. नुसतं ‘फ्युचुरा’ हे उत्तर अर्धं आहे.

काचेच्या दोन घुमटांवरून आणखी एक गल्लत नेहमी होते: फ्युचुरा आणि जनरल मोटर्सची फायरबर्ड थ्री. फायरबर्डचे घुमट दोन वेगवेगळे बुडबुडे आहेत आणि अंगावर विमानासारखे सात पंख आहेत. फ्युचुराचे पंख मागच्या कोपऱ्यांवर. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की पुन्हा चुकत नाही. फायरबर्ड मालिकेतली पहिली, १९५३ ची, तर चक्क एका माणसाचं जेट विमानच वाटते. तिच्या फोटोला ‘विमानाचा अपघात’ असं शीर्षक दिलेलंही पाहिलं आहे.

काही गाड्यांत पुढचं कोणतं, मागचं कोणतं हेच कळत नाही. घियाची १९५९ ची ‘सेलेने’ अशी आहे. माणसं पार नाकात बसतात आणि इंजिन मागे. फोटोत ती कुठल्या दिशेला चालली आहे ते चाकांच्या मागच्या चिखलावरून किंवा वायपरवरून ठरवावं लागतं. पिनिनफारिनाच्या १९६० च्या ‘एक्स’ची चाकं चार, पण पतंगाच्या चार टोकांवर असावीत तशी: एक पुढे, दोन मधे, एक मागे. बाजूने फोटो पाहिला तर तीन चाकं दिसतात आणि लोक ती तीनचाकी रिक्षांमध्ये शोधतात.

‘भारतासाठी बनवलेली’ उजव्या स्टिअरिंगची गाडी

मध्यंतरी एक फोटो जोरात फिरला. लालसर उघडी गाडी, समोर लंबगोल क्रोमची चौकट, आणि बॉनेटपासून शेपटीपर्यंत एका बाजूनेच जाणारा उंचवटा, पाठीमागे त्याचा पंख झालेला. दुसरी बाजू सपाट. स्टिअरिंग उजवीकडे. मजकूर असा की अमेरिकेने ही गाडी नेहरूंच्या काळात भारतासाठी खास उजव्या हाताची बनवली होती आणि सरकारने परवानगी नाकारली. असा मजकूर लोकांना आवडतो. राग येतो ना, म्हणून पुढे जातो.

ही गाडी म्हणजे १९६० ची प्लिमथ एक्सएनआर. डिझाइन व्हर्जिल एक्सनरचं, बॉडी घियाने बांधलेली, खाली व्हॅलियंटची चासी. तिची ती एकांगी रचना मुद्दाम केलेली: उंचवटा चालकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. फोटोत तो उजवीकडे होता याचा अर्थ फोटो आरशातल्यासारखा उलटा झालेला. नेटवरून उचललेला फोटो पकडला जाऊ नये म्हणून उलटा करायची युक्ती सर्रास चालते. स्लाइड किंवा निगेटिव्ह उलटी ठेवून छापल्यानेही हेच होतं.

उलटा फोटो ओळखायला गाडीची माहिती लागत नाही. नंबर प्लेटचे आकडे वाचा. कुठेही अक्षर असेल, टायरवर, मागच्या फलकावर, तर ते वाचा. माणूस असेल तर त्याच्या शर्टाचा खिसा बघा, तो डावीकडे हवा. घड्याळ बहुतेकांच्या डाव्या मनगटावर असतं. फोटो उलटा वाटला तर मोबाइलमध्ये सरळ करा आणि मग शोधायला टाका. निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक्सएनआरचं पुढचं आयुष्य त्या बनावट मजकुरापेक्षा भारी आहे. ती अमेरिकेत राहिलीच नाही. स्वित्झर्लंडमार्गे इराणच्या शहांकडे, तिथून कुवेत, मग लेबनॉन. यादवी युद्धातूनही वाचली. तेव्हा एखाद्याच्या काकांनी कुवेतच्या रस्त्यावर अशी गाडी पाहिल्याचं सांगितलं तर लगेच हसू नका.

साल कसं काढायचं

नाव सापडत नसेल तेव्हा साल काढा. दशक कळलं तरी शोधाचं क्षेत्र खूप आक्रसतं.

अमेरिकी गाडी असेल तर दिव्यांपासून सुरुवात करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिळून चार गोल दिवे हे १९५७-५८ पासून रुळले. चौकोनी सीलबंद दिव्यांना तिकडे १९७० च्या दशकाच्या मध्यात परवानगी मिळाली, त्याआधी बाजारातल्या गाडीला ते नसत. टायरच्या बाजूची पांढरी पट्टी रुंद असेल तर १९६१ पर्यंतची, बारीक असेल तर बहुधा १९६२ नंतरची. मडगार्डच्या बाजूला छोटे दिवे असतील तर १९६८ नंतर. हे नियम विकायच्या गाड्यांचे. प्रदर्शनातला नमुना नियम पाळायला बांधलेला नसतो. तरीही टायर, रिम, दिव्यांच्या काचा या वस्तू तयार बाजारातूनच घेतल्या जात, त्यामुळे त्या खोटं बोलत नाहीत.

युरोपची गाडी असेल तर नंबर प्लेट सोन्यासारखी. इटलीची ‘टीओ’ अक्षरं म्हणजे तुरिन, आणि तुरिन म्हणजे पिनिनफारिना, बर्टोने, घिया या सगळ्या डिझाइन कंपन्यांचं गाव. ‘प्रोव्हा’ असं लिहिलेलं दिसलं तर ती चाचणीची प्लेट. जर्मनीचं ‘डब्ल्यूओबी’ म्हणजे वुल्फ्सबर्ग, फोक्सवॅगनचं गाव. जुन्या फ्रेंच प्लेटच्या शेवटी दोन आकडे असतात, ७५ म्हणजे पॅरिस. रंगीत फोटोत हेडलाइट पिवळे असतील तर गाडी फ्रान्समध्ये उभी असावी, तिथे १९९३ पर्यंत पिवळ्या दिव्यांचाच कायदा होता. चाकाला तीनच बोल्ट दिसले तर सित्रोएन टूसीव्ही किंवा रेनॉ फोरच्या घराण्यात शोधा. विचित्र बॉडीखाली साधीच चासी असते, आणि ती चाकावरून उघडी पडते.

छापील मथळा असेल तर स्पेलिंगही बघा. ‘पिनिन फारिना’ असं दोन शब्दांत असेल तर मजकूर १९६१ च्या आधीचा असावा. त्या वर्षी त्या घराण्याचं आणि कंपनीचं नाव जोडून एकच झालं.

आणि गर्दी बघा. कोट, टाय, हॅट, बेलबॉटम, केस. गाडीचे डिझायनर काळाच्या पुढे असतात, गाडी बघायला आलेली माणसं काळातच असतात.

चपट्या पाचरी

१९६८ ते १९७२ या काळातल्या पाचरीच्या आकाराच्या गाड्या एकमेकींत फार मिसळतात, म्हणून थोडक्यात. हिरवी, नाकाशी केशरी, दारं कात्रीसारखी वर उघडणारी: अल्फा रोमिओ काराबो, १९६८. गुडघ्याएवढी चपटी, आत शिरायला समोरची काचच वर उचलावी लागते: लान्सिया स्ट्रॅटॉस झिरो, १९७०. या दोन्ही बर्टोनेत मार्चेल्लो गांदिनीने केलेल्या. चारही चाकं अर्धवट झाकलेली आणि काचेसकट छप्पर पुढे सरकतं ती मोडुलो. स्टिअरिंगच्या चक्राच्या आतच सगळी मीटरं बसवलेली ती मासेराटी बूमरँग; ती १९७१ मध्ये तुरिनला नुसता पुतळा म्हणून आली आणि १९७२ मध्ये जिनिव्हाला चालती गाडी म्हणून, त्यामुळे दोन सालं दिसली तर दोन्ही बरोबर. पाचरीला चार माणसांच्या जागा असतील तर व्हॉक्सहॉल एसआरव्ही बघा. जपानी माझदा आरएक्स ५०० या टोळीत उपरी वाटते, पण तीही १९७० चीच. ती लोकांना आठवते मॅचबॉक्सच्या खेळण्यामुळे. काराबोचंही खेळणं होतं. लहानपणी हातात धरलेली खेळण्यातली गाडी आणि अल्बममधला फोटो डोक्यात एक होऊन जातात, आणि मग माणूस शपथेवर सांगतो की ही मी धुळ्याच्या पाचकंदीलला पाहिली आहे.

ती मुळात गाडी आहे का?

प्रदर्शनासाठी बनवलेल्या सगळ्याच वस्तू पूर्ण मापाच्या नसत. फोर्डची अणुशक्तीवर चालणार म्हणून गाजलेली ‘न्यूक्लिऑन’ प्रत्यक्षात पूर्ण मापाच्या तीन-अष्टमांश आकाराचं मॉडेल होतं. फोटोत ती अख्खी गाडी दिसते, आणि ‘अमेरिकेने अणुमोटार रस्त्यावर आणली होती’ असा संदेश दर काही महिन्यांनी येतो.

छोट्याचं मोठं कसं दिसतं हे आपल्या खानदेशी माणसाला वेगळं शिकवायची गरज पडू नये. चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे. त्यांची टेबल टॉप छायाचित्रं पाहा: टेबलावर मांडलेल्या किरकोळ वस्तू, योग्य उजेड, योग्य कोन, आणि समोर एक विस्तीर्ण देखावा उभा. ती पाहून आल्यावर मॉडेलचा फोटो डोळ्यांना लगेच बोचतो. मॉडेलच्या फोटोत पुढचं टोक स्पष्ट आणि मागचं धूसर असतं, खऱ्या गाडीला दुरून एवढी धूसरता येत नाही. टायर जमिनीवर जराही दबलेला नसतो. काचा अपारदर्शक असतात, आत सीट दिसत नाही. शेजारी माणूस नसतो. माणूस असेल तर तो गाडीच्या खूप मागे उभा केलेला असतो.

पूर्ण मापाच्या पण माती, लाकूड किंवा फायबरच्या पुतळ्यांनाही हेच लागू. दाराच्या फटी रंगवलेल्या रेघा असतील, हँडल नसेल, वायपर नसेल, तर ती गाडी एक फूटही चाललेली नसावी.

सुधारलेला फोटो, बनवलेला फोटो

नवीन दुखणं हे. अस्पष्ट फोटो मिळाला की घरातला उत्साही मुलगा तो ‘क्लिअर’ करून देतो. ते अॅप चेहरा उजळतं तसं ग्रिलही स्वतःच्या मनाने भरतं, बॅज बनवतं, नंबर प्लेटवर अक्षरांसारखं काहीतरी उमटवतं. मग त्या खोट्या ग्रिलवरून शोध घेतला की खोटंच उत्तर येणार. मूळ फोटो अस्पष्ट असला तरी तोच हवा. काळ्या-पांढऱ्याला रंग चढवलेला असेल तर त्या रंगावर एक पैशाचा विश्वास ठेवू नका. जुन्या काही फिल्मवर लाल रंग काळसर यायचा आणि निळा फिकट, त्यामुळे खरा रंग डोळ्यांनाही सांगता येत नाही, अॅपला कुठून कळणार?

आणि संपूर्ण बनवलेले फोटो. ‘१९५६, जनरल मोटर्स, कधीही न पाहिलेली गाडी’ असं लिहून रोज नवे येतात. जवळून बघा: डाव्या आणि उजव्या बाजूची चाकं वेगळी, दाराची फट कुठेच जात नाही, मागच्या फलकावरची अक्षरं वाचता येत नाहीत, गर्दीतल्या माणसांची बोटं विरघळलेली. पण यंत्रं सुधारत चालली आहेत, या खुणा फार दिवस पुरणार नाहीत. त्याहून भरवशाची चाचणी अशी: जनरल मोटर्सची मोटोरामा प्रदर्शनं १९४९ ते १९६१ या काळात झाली, तिथल्या गाड्या हजारो लोकांनी पाहिल्या, वर्तमानपत्रांनी छापल्या. अशी गाडी खरी असेल तर तिचे एकापेक्षा जास्त कोनांतले फोटो असणारच. एकच देखणा फोटो आणि दुसरा कोन कुठेच नाही, तर मी ती गाडी मोजत नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते माहीत हवेत. क्रायस्लरची ‘नॉर्समन’ घियाने बांधली, अमेरिकेला पाठवण्यासाठी ‘अँड्रिया डोरिया’ जहाजावर चढवली, आणि २६ जुलै १९५६ ला ते जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. गाडी कुठल्याच प्रदर्शनात पोचली नाही. फोटो मोजकेच राहिले. मोटोरामाच्या कित्येक गाड्या कंपनीने स्वतःच भंगारात घातल्या. त्यातल्या काही मिशिगनमधल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पडून होत्या, त्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका संग्राहकाने शोधून काढल्या. आपल्याकडच्या भंगार बाजाराबद्दल तुच्छतेने बोलणाऱ्यांसाठी एवढी माहिती पुरे.

विचारताना काय पाठवायचं

स्कॅन करायचं असेल तर ६०० डीपीआयवर, कात्रण असेल तर जरा तिरपं ठेवून, नाही तर ठिपक्यांच्या जाळीवर लाटा उठतात. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो आणि नंबर प्लेटचे आकडे जातात. पुढची बाजू, मागची बाजू, आणि अल्बमचं ते पूर्ण पान. शेजारचा फोटो लग्नाचा असेल आणि लग्नाचं साल घरात माहीत असेल, तर तेही लिहा.

शोधयंत्रात पूर्ण फोटो टाकण्याबरोबर तुकडेही टाका: नुसतं नाक, नुसतं चाक, नुसती मागची बाजू. पार्श्वभूमीचा फलक वेगळा टाका. एका यंत्राने हात टेकले तर दुसरं वापरा, कारण प्रत्येकाचं भांडार वेगळं. निकाल आला की तो ज्या पानावर आहे ते पान उघडा आणि तिथल्या दुसऱ्या कोनातल्या फोटोशी ताडून बघा. डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मोटार इतिहासाचा संग्रह आणि नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे वृत्तछायाचित्रांचे संग्रह घरबसल्या बघता येतात. तिथे फोटोखाली तारीख असते, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी तारीखच.

नाव मिळालं असं वाटलं तर तीन गोष्टी जुळतात का ते बघा: गाडीवरची एखादी बारीक खूण, साल, आणि जागा. दोनच जुळत असतील तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. काहीच नाही मिळालं तर ‘अनोळखी, १९५५ ते १९६१, इटलीची प्लेट’ असं लिहून ठेवा. पुढच्या माणसाचं काम त्याने अर्धं होतं. लिहायचं ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात, आणि बहुतेक वेळा नेमकी ग्रिलवर.